पंचविसाला दोन जास्त

“मावशी, तुमच्याकडं संडास आहे का हो?”

नरसम्माशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. ना नमस्कार, ना ओळखपाळख. सकाळी सातपासून सोलापुरातल्या त्या हायवेच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी गाड्या मोजत होते आणि आता साडेअकरा वाजले होते. मार्चचं ऊन, डोक्यावर ओढणी, मांडीवर कागदांचं पॅड. पुरुषांचं बरं असतं, कुठल्याही भिंतीकडं तोंड केलं की मोकळे. मी बार्शीची कुमुद बारबोले, वय तेवीस, सिव्हिलचा डिप्लोमा. आमच्या कन्सल्टंट कंपनीनं मला खुर्ची दिली, पेनं दिली, घड्याळ दिलं, पण बाई माणूस बारा तास रस्त्यावर बसणार तर तिनं जायचं कुठं, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

रस्त्याला लागून, एकाला एक चिकटून बावीस घरं होती. त्या वस्तीला सगळे नुसतं ‘ओळ’ म्हणायचे. पहिल्या घराच्या उंबऱ्यात साठीला टेकलेली एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हात मात्र चालूच.

“हाय की. जा आत. बादली भरून ठेवलीय, सगळी सांडू नको.”

मी परत आले तेव्हा तिनं तांब्या पुढं केला आणि मी घटाघटा पीत असतानाच विचारलं, “सकाळधरनं बघायलेय. काय लिहायलीस त्या कागदावर?”

“गाड्या मोजतेय. ट्रक किती, एसट्या किती, सायकली किती.”

“कशाला?”

“रस्त्यासाठी.”

आता तिचे हात थांबले. “गतिरोधक करणार?”

“काय?”

“अगं, पलीकडं आमची ब्रँच हाय.” तिनं रस्त्यापलीकडच्या पिवळ्या इमारतीकडं हनुवटी केली. ओळीतल्या बायका घरी विड्या वळायच्या आणि रोज सकाळी टोपलीत भरून त्या कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या, एवढं मी सकाळी पाहिलंच होतं. “रोज जायचं, रोज यायचं. पाच वर्षांत तिघी गेल्या ओळीतल्या. माझी धाकटी बहीण त्यात. अर्ज करून करून दमलो. सिग्नल द्या, नायतर गतिरोधक द्या. सायेब म्हणायचा, आधी गाड्या मोजाव्या लागतात बाई. मोजायला माणूस येईल. आता तू आलीस.”

तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला बघवेना. कारण मोजणी कशासाठी चालली होती ते मला पक्कं ठाऊक होतं.

तो रस्ता होता दुपदरी. शहर त्याच्या दोन्ही अंगांना वाढत गेलेलं, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ हीऽऽ कोंडी. रस्ता रुंद होणार हे ठरलेलंच होतं, प्रश्न होता किती. आमच्या मोजणीत सात ते सातचा दिवसाचा आकडा पस्तीस हजारांच्या आत आला तर चौपदरी, म्हणजे आहे त्या जागेत बसणारा, चौकाचौकात उघडा दुभाजक आणि सिग्नल. पस्तीसच्या वर गेला तर सहापदरी. मग मधे सलग बंद कठडा, आणि ओळीतल्या प्रत्येक घराचे पुढचे बारा फूट गेले. आता हा आकडा म्हणजे नुसत्या गाड्या नव्हेत. आमच्या शास्त्रात ट्रक म्हणजे तीन मोटारी, सायकल म्हणजे अर्धी आणि बैलगाडी म्हणजे आठ. हसू नका, खरंच आठ.

म्हणजे नरसम्माला हवा होता तो सिग्नल, आकडा कमी आला तरच मिळणार होता.

“जास्त गाड्या दिसल्या तर लवकर होईल ना गं?” तिनं विचारलं.

आणि मी म्हणाले, “होईल की.”

का म्हणाले? संध्याकाळी सातपर्यंत बसायचं होतं आणि पुढं अजून सहा दिवस होते. त्या घरात संडास होता, पाणी होतं, सावली होती. मी खरं सांगितलं असतं तर बाईनं मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. एवढंच कारण. मी आजवर दुसरं चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

दुपारी माझी खुर्ची तिच्या पत्र्याखाली आली.

दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन आले तर ती म्हणाली, “तू गेलीस तेवढ्यात तेरा ट्रक गेले. दोन एसट्या. फटफट्या एकवीस.”

“तुम्ही मोजल्या?”

“मग? तुझं काम खोळंबायला नको.”

“आणि विड्या?”

“विड्या हात वळतेत. डोळे रिकामेच हायत.” ती हसली. “बारा वर्षांची होते तवापासनं वळते. पंचवीस झाल्या की बोटाला कळतंय, कट्टा बांधायचा. बघायचं कशाला?”

विड्यांचा कट्टा पंचविसाचा. गाड्यांनाही तिनं तोच हिशेब लावला. समोर चार वाट्या मांडल्या, ट्रक-एसट्यांची एक, मोटारींची एक, फटफट्यांची, सायकलींची. कुठल्याही पंचवीस झाल्या की तेंदूच्या पानाचा एक कातरलेला तुकडा त्या वाटीत टाकायचा. मी म्हटलं, बघू तरी. अर्धा तास दोघींनी शेजारी बसून वेगवेगळं मोजलं. तिचं आणि माझं बरोब्बर जुळलं, एका सायकलीचा फरक. ती सायकलसुद्धा माझीच सुटली होती, तिनं मला तो पाववाला लांबवर जाताना दाखवला.

तिची नवी सून अंबिका दारात उभी राहून हे बघत होती. लग्नाला चार महिने झालेले, बांगड्या अजून कोपरापर्यंत. “अत्तम्मा, तुम्हालाच नोकरी लावतील बघा ते,” ती सासूला म्हणाली.

“लावू दे की. तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं करीन.”

तिसऱ्या दिवशी माझी पाळी सुरू झाली, आणि वर ऊन बाधलं. उलटी झाली. नरसम्मानं मला दंडाला धरून आत नेलं, चटईवर निजवलं, अंबिकानं ताक दिलं. मी उठायला लागले तर म्हातारीनं खांदा दाबून परत झोपवलं.

“नीज गप. मी हाय ना.”

“मावशी, कागद मलाच भरायचाय. सही माझी असते.”

“मग कर की सही. तुकडे मोज, पंचविसानं गुण, लिही. शिकलेली हायस का नाय?”

तो दिवस गेला, चौथा गेला, पाचवाही बराचसा गेला. दुपारी मी उठायचे, वाट्यांमधले तुकडे मोजायचे, गुणायचे, लिहायचे आणि खाली सही करायचे. त्या प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेलं होतं, ‘वरील नोंदी मी स्वतः प्रत्यक्ष जागेवर केल्या आहेत.’ संध्याकाळी सातला मोजणी संपली की कागद पिशवीत घालून मी निघायचे. कुणाला पत्ता नाही. मला तर बाई देवासारखी भेटली असं वाटत होतं. एक दिवस मी तिला म्हणालेसुद्धा, “मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?” तर म्हणते कशी, “तो गतिरोधक जरा ओळीच्या मधोमध घ्यायला सांग. सगळ्यांना जवळ पडेल.”

मी मान हलवली.

सातव्या दिवशी संध्याकाळी सातला शेवटचा कागद भरून मी पॅड मिटलं. नरसम्मा वाट्या विसळत होती.

“झालं का गं पुरं? कमी नाही ना पडत?”

“नाही मावशी, भरपूर झालं.”

“पडणारच नाही,” ती म्हणाली. “छाट धरून दिलंय मी.”

“छाट म्हणजे?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भाकरी म्हणजे काय विचारलं होतं. मग तिनं समजावलं. ब्रँचवर चेकर बसतो. हजार विड्या नेल्या की तो हातात घेऊन बघतो, ही वाकडी, ही सैल, ही बारीक, आणि बाजूला टाकतो. ती छाट. बाजूला टाकलेली गेली ती गेलीच, आणि वर हजार भरले नाहीत म्हणून बोलणी. म्हणून शहाणी बाई घरूनच जास्तीच्या वळून नेते. छाट काढू दे किती काढायची ती, हजार पुरे पडले पाहिजेत.

“तुमचे सायेब काय वेगळे असणार? तू एवढ्या गाड्या नेऊन दिल्यास की ते बसणार, ही धरायची नाय, ती धरायची नाय. मग कमी पडल्या म्हणून आमचा गतिरोधक गेला का? म्हणून पंचविसाला दोन जास्त. तेवीस झाल्या की टाकला तुकडा.”

“पण त्या दिवशी तर आपलं जुळलं होतं!”

“तू शेजारी बसली होतीस की. चेकर समोर असला की सारखंच मोजायचं असतंय.” आणि ती खुदकन हसली. सोळा वर्षांची पोर हसावी तशी.

मी तिथंच पॅड उघडलं. निम्म्याहून जरा कमी नोंदी तिच्या वाट्यांतल्या होत्या. सातही दिवसांची सरासरी काढली, ट्रकचे तीन धरले, सायकलींचे अर्धे धरले. पस्तीस हजार आठशे. मग तिची छाट वजा करून पाहिली. चौतीस हजार चारशे.

दोनदा केलं. तेच आलं.

अजूनही सगळं तिथल्या तिथं सावरता आलं असतं. मी म्हणायला हवं होतं, ‘अहो मावशी, हे काय करून बसलात? आकडा वाढला तर तुमचंच घर कापणार आहेत.’ मग तिनं विचारलं असतं, ‘तू तर म्हणालीस जास्त गाड्या पाहिजेत.’ मी पॅड बंद केलं. निघताना तिनं माझ्या हातात कडक भाकरीचं पुडकं दिलं आणि शेंगाची चटणी, आणि अंबिका म्हणाली, “पुन्हा या अक्का, काम नसताना.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती सांगायचंच ठरवून. खरंच सांगते, देवाशप्पथ. बसमध्ये मनाशी वाक्य जुळवत गेले, ‘साहेब, माझी तब्येत बिघडली होती, तीन दिवसांची मोजणी परत करावी लागेल.’

कारंजकर साहेबांनी कागद हातात घेतले, थेट शेवटचा आकडा बघितला आणि खुर्चीत मागं रेलले.

“पस्तीस आठशे! वा, कुमुद! मी म्हणतच होतो. वरच्यांना सहापदरीच हवा होता, पण आकड्याशिवाय हलत नव्हते. आता हललं काम.”

“साहेब, ते जरा...”

“काय जरा?”

“मधले तीन दिवस मला बरं नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. “बरं नव्हतं म्हणजे? मोजणी तूच केलीस ना? सही तुझी आहे.”

मी कागदावरच्या माझ्या सहीकडं बघितलं.

“हे बघ, पोरींना साईटवर पाठवू नका म्हणून मला दहा जणांनी सांगितलं होतं. मी पाठवली. मुलींना जमत नाही असं पुन्हा कुणी म्हणायला नको, एवढं बघ. मोजणी तूच केलीस?”

“हो साहेब.”

“मग झालं तर. एप्रिलपासून तुला कायम करतो.”

मी मूग गिळून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. रडले खरी, पण परत वर गेले नाही.

पावसाळ्यात ओळीच्या भिंतींवर तांबड्या खुणा पडल्या. नरसम्माच्या घरात ती खूण चुलीच्या अलीकडं होती, म्हणजे पुढची खोली अख्खी गेली आणि राहिली चूल आणि मोरी. हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नकाशावर पाहिलं. तिकडं जायची माझी हिंमत नव्हती. पण सप्टेंबरात जनसुनावणी लागली, पलीकडच्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि साहेब म्हणाले, “मोजणी तुझी आहे, तुला यावंच लागेल.”

टेबलामागं भूसंपादनाचे अधिकारी, त्यांच्या बाजूला कारंजकर साहेब, आणि कडेला मी, फाईल छातीशी धरून. समोर सतरंजीवर अख्खी ओळ. पुरुष तावातावानं बोलत होते, कुणी मोबदल्याचं, कुणी पर्यायी जागेचं. अधिकारी शांतपणे एकच सांगत होते, “रस्त्यावर रोज पस्तीस हजारांच्या वर वाहनं आहेत. नियमानं सहा पदर लागतात. आकडा काही आम्ही मनानं काढलेला नाही.”

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून नरसम्मा उठली. मला बघून ती आधी हसली, हात हलवला. मग पदर खांद्यावरून घेतला आणि पुढं आली.

“सायेब, आकडा चुकीचा हाय.”

“कशावरून बाई?”

“निम्मा मी मोजलाय. पंचविसाला दोन जास्त टाकल्या. आम्हाला गतिरोधक पाहिजे होता म्हणून टाकल्या. ह्या पोरीची काय चूक नाय, तिला ताप होता, ती आत निजली होती. माझं पाप हाय. पण आकडा खोटा हाय सायेब. परत मोजा.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “परत मोजा!” आणि सगळेच ओरडायला लागले. अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला आणि कारंजकर साहेबांकडं बघितलं. कारंजकर साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

“मॅडम,” अधिकारी म्हणाले, “ही सही तुमची?”

“हो सर.”

“ह्या बाई म्हणतात ते खरं आहे? ह्यांनी मोजलं?”

नरसम्मा माझ्याकडं बघत होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. बावीस घरं आणि तो सिग्नल त्या एका ‘हो’वर उभा होता, आणि घरांचं तरी समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “मी ह्यांच्या पत्र्याखाली बसत होते, एवढंच. कागदाला ह्यांचा हात लागलेला नाही.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, विश्वास बसणार नाही ह्यांचा. म्हणून मी हसून पुढं म्हणाले, “विड्या वळता वळता कुणाला गाड्या मोजता येतात का सर?”

अधिकारी हसले. साहेब हसले. आणि मग समोरचेही हसले. ओळीतलेच पुरुष, ओळीतल्याच दोन-चार बाया. एकजण म्हणाला, “म्हातारीचं काय मनावर घेताय सायेब, तिला पाढे तरी येतेत का!” कुणी म्हणालं, “बस खाली, आमचं बोलणं राहिलंय.” अंबिका उठून आली आणि सासूचा दंड धरून म्हणाली, “अत्तम्मा, बसा. बसा आता.” नरसम्मा माझ्याकडं बघतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं झालं आणि ती मुकाट्यानं खाली बसली. मला वाटलं, संपलं. आता ही मला जन्मभर शिव्या देणार. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. शिव्या खाण्याचीच माझी लायकी होती.

सुनावणी संपल्यावर मी मागच्या फाटकानं सटकायला बघत होते. नरसम्मा दोघींना घेऊन, म्हणजे अंबिका आणि शेजारची एक बाई, तिथंच उभी. तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. तंबाखूनं पिवळी पडलेली, खरखरीत बोटं.

“अम्मा, तू मला वाचवलंस गं.”

मला वाटलं टोमणा मारतेय. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“काल आमच्यातला एकजण म्हणाला, सरकारी कागदात खोटं घातलंस म्हणून सांगायला गेलीस तर सहा महिने आत टाकतील. मी म्हटलं टाकू दे. ब्रँचचं माझं कामाचं कार्ड हिच्या हातात दिलं.” तिनं अंबिकाकडं बोट केलं. “चार लुगडी पिशवीत भरली. तयारीनंच आले होते. पण मला कळलंच नाय बघ, तू ‘हो’ म्हणली असतीस तर तुलाबी नेली असती. तुझं लगीन व्हायचंय अजून. तू मात्र शहाणी. मला येडी ठरवलंस आणि दोघींना सोडवलंस.”

“मावशी...”

“लोक हसू देत. हसल्यानं अंगाला भोकं पडत नायत.” तिनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. “घर जाईल तर जाईल, चूल तर राहिली. एक सांग पण. गतिरोधक तरी करतील ना?”

सहापदरीला गतिरोधक नसतो. मधे तीन फूट उंचीचा कठडा असतो, सलग, दीड किलोमीटर.

“करतील,” मी म्हणाले.

दीड वर्षात रस्ता झाला. कोंडी गेली, ते मी नाकारत नाही. वर्तमानपत्रात फोटो आले, साहेबांना बढती मिळाली, मी कायम झाले, पुढं लग्न होऊन पुण्याला आले. नंतर स्वतःचं ऑफिस काढलं. माझ्या हाताखालच्या पोरींसाठी साईटवर आधी संडासाची सोय करते, मगच खुर्ची ठेवते. लोक कौतुक करतात. मी त्यांना थांबवत नाही.

पंधरा वर्षांनी एका कामासाठी सोलापूरला गेले होते. काम तासाभरात उरकलं आणि ड्रायव्हरला मी ओळीकडं घ्यायला सांगितलं. कशाला सांगितलं, मला ठाऊक नाही. खरंतर ठाऊक आहे, म्हातारी वारली असेल आणि आपण सुटलो असू, हे बघायला गेले होते.

ती होती. निम्म्या उरलेल्या घराच्या दारात, मांडीवर सूप. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. आत नेलं, चहा ठेवायला लावला. मी भिंतीकडं बघितलं तर अंबिकाचा फोटो होता, हार घातलेला.

“सात वर्षं झाली,” नरसम्मा म्हणाली. “टोपली घेऊन कठडा चढत होती. चौकातनं जायचं तर मैलभराचा फेरा पडतोय, कोण जाणार? सगळ्याच चढतेत. पलीकडनं टँकर आला.” मग तिनं आवाज उतरवला, आत चहा करणाऱ्या नातीला ऐकू जाऊ नये म्हणून. “मीच मारली गं तिला. माझ्याच त्या दोन-दोन गाड्यांनी. सिग्नल आला असता म्हणतेत, गाड्या कमी असत्या तर. मला एका पोरानं नंतर सगळं समजावून सांगितलं. रात्री डोळा लागत नाय मला.”

मी तिच्यासमोर बसले होते. सांगायला फार काही लागत नव्हतं. मावशी, तुम्ही नाही, मी. जास्त गाड्या पाहिजेत असं मीच सांगितलं होतं. मला सातव्या दिवशीच सगळं कळलं होतं. त्या हॉलमध्ये मी तुम्हाला नाही, मला वाचवलं. चार वाक्यं. ती म्हातारी त्या रात्री झोपली असती. पण मग तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं असतं, ती मला नको होती. पन्नाशीला टेकलेय मी आता, अजूनही नको आहे.

चहा घेऊन अंबिकाची मुलगी बाहेर आली. चौदा-पंधरा वर्षांची, हुबेहूब आई. बोटांची टोकं पिवळी.

“पाया पड बाईंच्या,” नरसम्मा तिला म्हणाली. “मी सांगते ना तुला, सुनावणीला मला जेलातनं सोडवलं त्या बाई, त्या ह्याच. ह्या नसत्या तर तू पाळण्यात होतीस तवा तुला बघायला आजी नसती.”

पोरीनं कप खाली ठेवला, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”